माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर खेळाडूंचे वस्तुसंग्रहालय कसे उभारावे

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचे जग खोदण्या-बांधण्याचा संगणक गेम आहे; अनेक खेळाडू एकत्र खेळतात ते सामायिक जग सर्व्हरवर असते. आमच्या सर्व्हरवरील संग्रहालयाच्या पहिल्या दालनात, दारातून आत शिरताच समोर, एक लोखंडी पिकॅक्स, म्हणजे कुदळ, टांगलेली आहे. तिला नाव दिलेले नाही, तिच्यावर एकही एन्चांटमेंट (जादूची जोड) नाही आणि ती जवळजवळ झिजून गेलेली आहे. लोखंडी पिकॅक्स नवी असताना २५० वार सोसते; हिचे अकराच वार शिल्लक आहेत. तशीच दुसरी पिकॅक्स कोणीही लोखंडाचे तीन इन्गॉट आणि दोन काठ्या घेऊन क्राफ्टिंग टेबलावर क्षणात बनवू शकतो आणि पुरेसे खोदकाम करून ती हव्या तेवढ्या वारांवर आणून ठेवू शकतो. तरीही नवीन खेळाडू तिच्यासमोर थांबतात, कारण शेजारच्या पाटीवर लिहिले आहे की नेदर या पाताळासारख्या जगातील पहिला बोगदा खोदताना सहा जणांनी ती आळीपाळीने वापरली आणि शेवटच्याने ती मोडण्यापूर्वी पेटीत ठेवून दिली.

गेममधील संग्रहालयाची सगळी अडचण आणि सगळी गंमत या एका पिकॅक्समध्ये आहे. पुण्यातील किंवा मुंबईतील संग्रहालयात वस्तू अस्सल आहे की नाही हे तिच्या धातूवरून, घडणीवरून, गंजावरून थोडेफार तरी ठरवता येते. माइनक्राफ्टमध्ये एक लोखंडी पिकॅक्स दुसरीपासून कोणत्याही परीक्षेने वेगळी काढता येत नाही. तिचे वेगळेपण तिच्याविषयीच्या नोंदीतच असते, आणि ती नोंद हरवली तर उरते ते भिंतीवर टांगलेले जुने हत्यार. म्हणूनच ज्यांना असे संग्रहालय काढायचे आहे त्यांनी क्वार्ट्झचे खांब उभे करण्याआधी नोंदवही उघडावी, असे माझे ठाम मत आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येतही संशोधन, संकलन, जतन आणि अर्थ उलगडणे यांच्यानंतर, सर्वांत शेवटी, प्रदर्शन येते. बहुतेक सर्व्हरवर नेमका उलटा क्रम दिसतो: आधी भव्य घुमट, मग रिकाम्या फ्रेमा, आणि मग काहीच नाही.

पुढील सूचना प्रामुख्याने माइनक्राफ्टच्या दोन मुख्य आवृत्त्यांपैकी जावा आवृत्तीसाठी आहेत. दुसऱ्या, म्हणजे बेडरॉक आवृत्तीत काही तपशील वेगळे आहेत, पण कामाचा क्रम तोच राहतो.

सर्व्हरच्या मालकाशी आधी बोलावे

संग्रहालय तुमचे असले तरी जमीन दुसऱ्याची असते. सर्व्हर चालवणाऱ्याला चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. हे जग पुसून नवे सुरू करण्याचा विचार आहे का, आणि असल्यास किती दिवस आधी सांगितले जाईल? गेमची नवी आवृत्ती आल्यावर जग तिच्यात कधी नेले जाते? संग्रहालयाच्या जागेवर संरक्षित क्षेत्र आखून मिळेल का? आणि संग्रहालयाच्या भागाची प्रत आम्हाला वेळोवेळी मिळेल का? यांपैकी शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण सर्वांत महत्त्वाचा तोच आहे, कारण अनेक सर्व्हायव्हल (साधने स्वतः मिळवून जगण्याच्या खेळाचे) सर्व्हर दर हंगामाला नवे जग सुरू करतात आणि जुने जग कोणाच्या तरी संगणकावर पडून राहते किंवा सरळ पुसले जाते.

पैशांचा विषय असेल तर तोही याच वेळी मिटवावा. गेम बनवणाऱ्या मोजांग कंपनीच्या वापरनियमांनुसार देणगी देणाऱ्याला खेळात इतरांवर कुरघोडी करता येईल असे काहीही देता येत नाही आणि आपला उपक्रम कंपनीचा अधिकृत उपक्रम आहे असा भासही निर्माण करता येत नाही. देणगीदाराचे नाव पाटीवर लिहायला हरकत नाही. त्याला हिऱ्यांची पेटी देऊ नये.

कशाचे संग्रहालय, हे एका वाक्यात लिहावे

नवशिक्या मंडळींना हमखास सुचणारी कल्पना म्हणजे गेममधील प्रत्येक ब्लॉकचा एकेक नमुना मांडणे. ती टाळावी. तसे संग्रहालय सर्व वस्तू फुकट देणाऱ्या क्रिएटिव्ह मोडच्या इनव्हेंटरीत (सामानाच्या यादीत) आयतेच असते आणि पाच मिनिटांत पाहून संपते. जे फक्त तुमच्याच जगात घडले त्याचे संग्रहालय करावे: पहिले गाव, पहिला नेदर पोर्टल, फसलेली रेल्वे, दोन वस्त्यांमधील भांडण, बाजारपेठेतील दुकाने, एका रात्रीत क्रीपर या स्फोट होणाऱ्या प्राण्याने उडवलेले कोठार. ‘या सर्व्हरच्या पहिल्या वर्षातील वस्त्या आणि त्यांना जोडणारे रस्ते’ इतके नेमके वाक्य हातात असले की काय घ्यावे आणि काय नाकारावे हे दर वेळी नव्याने ठरवावे लागत नाही. नाकारणे हे या कामातील मोठे कौशल्य आहे. संग्रहालय निघाले असे कळताच लोक आपापल्या नेदराइट या दुर्मिळ धातूच्या जादा तलवारी आणून देऊ लागतात आणि प्रत्येक तलवारीला भिंत हवी असते.

एकाच प्रकारच्या अनेक वस्तू मात्र चालतात, किंबहुना त्या हव्यातच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते ओळीने पाहताना जे सुख मिळते ते एकाच अडकित्त्यापुढे उभे राहून मिळत नाही. एकाचा आकार, दुसऱ्याची नक्षी आणि तिसऱ्याची मूठ शेजारीशेजारी आली की पाहणारा आपोआप तुलना करू लागतो. सर्व्हरवर हेच काम बॅनर उत्तम करतात. प्रत्येक वस्तीने बनवलेला बॅनर, त्याची आधीची कच्ची रूपे, वस्तीत फूट पडल्यावर बाहेर पडलेल्यांनी बदललेला रंग, अशी एक ओळ लावली की अर्धा इतिहास सांगून होतो.

नोंदवही

नोंदवही गेमच्या बाहेर, सर्वांना पाहता येईल पण दोघा-तिघांनाच बदलता येईल अशा स्प्रेडशीटमध्ये ठेवावी. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि तो पुन्हा कधीही दुसऱ्या वस्तूला देऊ नये, पहिली वस्तू नष्ट झाली तरीही. जगभरच्या संग्रहालयांत रूढ असलेली तीन भागांची पद्धत इथेही सोयीची पडते: वर्ष, त्या वर्षातील कितवी भेट, आणि त्या भेटीतील कितवी वस्तू. म्हणजे २०२४.७.२ हा क्रमांक पाहताच कळते की २०२४ मधील सातव्या भेटीतील ही दुसरी वस्तू आहे.

क्रमांकापुढे वस्तूचे साधे वर्णन, तिची अवस्था, ती कोणी दिली, ती कुठे व कधी सापडली, ती आता कुठे ठेवली आहे आणि तिच्याविषयी जे सांगितले जाते ते कशावरून, हे रकाने असावेत. अवस्था लिहिताना एफ३ आणि एच ही बटणे एकत्र दाबावीत. त्यानंतर वस्तूवर माउस नेला की तिचे उरलेले वार आकड्यांत दिसू लागतात. जागा लिहिताना एफ३ दाबून दिसणारे तिन्ही निर्देशांक लिहावेत आणि ती नेदरमधील आहे की वरच्या जगातील हे विसरू नये, कारण नेदरमधील एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातील आठ ब्लॉक होत.

देणाऱ्याच्या नावाबाबत एक काळजी आवश्यक आहे. जावा आवृत्तीत खेळाडूला दर तीस दिवसांनी आपले नाव बदलता येते, पण त्याच्या खात्याचा यूयूआयडी हा लांबलचक क्रमांक बदलत नाही. पूर्वी जुन्या नावांचा इतिहास मोजांगच्या सेवेतून काढता येत असे. ती सोय २०२२ मध्ये बंद झाली. तेव्हापासून ज्याने फक्त खेळातले नाव लिहून ठेवले त्याच्या नोंदी वर्षभरात अनोळखी होऊ लागतात. नाव आणि यूयूआयडी दोन्ही लिहावेत. खेळाडूचे खरे नाव, गाव, शाळा किंवा वय यांतील काहीही लिहू नये. सर्व्हरवर शाळकरी मुले असतात आणि नोंदवही सर्वांना दिसते.

‘कशावरून’ हा रकाना लोक रिकामा सोडतात. तिथे तीनच शब्दांची सोय करावी: पुरावा, साक्ष, ऐकीव. स्क्रीनशॉट असेल तर पुरावा. जो स्वतः हजर होता त्याने सांगितले तर साक्ष. बाकी सर्व ऐकीव. आमच्या पिकॅक्सची नोंद अशी आहे: “२०२१.१.४. लोखंडी पिकॅक्स, २५० पैकी ११ वार शिल्लक, नाव नाही, एन्चांटमेंट नाही. नेदर बोगद्याच्या पूर्व टोकाजवळील पेटीतून घेतली. सहा जणांनी वापरली ही साक्ष, दोघांकडून. बोगद्यातील पहिला ब्लॉक हिनेच फोडला हे ऐकीव.” शेवटचे वाक्य पाटीवर यावे म्हणून बराच आग्रह झाला होता. ते पाटीवर नाही.

पुरावे कुठे सापडतात

बहुतेक खेळाडूंना आपल्याच संगणकावर केवढे दफ्तर साठले आहे याची कल्पना नसते. एफ२ दाबून काढलेला प्रत्येक स्क्रीनशॉट गेमच्या फोल्डरात तारीख आणि वेळ हेच नाव घेऊन बसलेला असतो. तो काढताना एफ३ चालू असेल तर चित्रातच निर्देशांक, पाहण्याची दिशा आणि गेमची आवृत्ती छापली जाते. ‘लॉग्स’ नावाच्या फोल्डरात जुन्या दिवसांचे चॅट तारीखवार दाबून ठेवलेले असते. जुन्या खेळाडूंना एकच विनंती करावी: संगणक बदलण्यापूर्वी हे दोन फोल्डर वेगळे काढून ठेवा. चॅट वापरताना मात्र जो बोलला त्याची परवानगी घ्यावी आणि संपूर्ण लॉग कधीही खुला करू नये; त्यात लोकांनी विश्वासाने लिहिलेले बरेच काही असते.

एखादे जुने चित्र कुठले आहे हेच ठाऊक नसेल तरी निराश होऊ नये. गेमच्या सुरुवातीच्या पडद्यामागे वर्षानुवर्षे फिरणारे निसर्गचित्र नेमक्या कोणत्या जगातले होते हे २०२० च्या जुलैमध्ये हौशी संशोधकांनी अनेकांच्या संगणकांची शक्ती एकत्र करून शोधून काढले. त्यांनी आधार घेतला तो चित्रातील ढगांचा, झाडांचा आणि जमिनीच्या उंचसखलपणाचा. आपल्या सर्व्हरवरील चित्रासाठी एवढा खटाटोप लागत नाही. डोंगराची कड आणि नदीचे वळण ओळखणारा एक जुना गडी पुरतो.

तोंडी आठवणी नोंदवताना खेळाडूला त्याच जागी नेऊन उभे करावे. बसून विचारले तर लोक दोन वाक्यांत आटपतात. मोडक्या घराच्या दारात उभे केले की “इथे पेटी होती, आणि ती नेहमी रिकामी असायची” अशा गोष्टी बाहेर येतात.

वस्तू स्वीकारणे आणि सांभाळणे

प्रत्येक वस्तू देणगी आहे की उसनी, हे घेतानाच ठरवावे. उसनी असेल तर परत देण्याची तारीख नोंदवहीत लिहावी. सर्व्हर सोडून गेलेल्या किंवा हयात नसलेल्या खेळाडूच्या वस्तू त्याच्या जवळच्या सोबत्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि पडक्या घरातील पेटी ‘आता कोणाची नाही’ असे समजून उपसू नये.

सांभाळण्याचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. वस्तूला एनव्हिलवर (ऐरणीवर) नाव देऊ नये. फ्रेममध्ये ठेवलेल्या नामांकित वस्तूचे नाव तिच्याकडे पाहताच वर उमटते, आणि आयती पाटी मिळाल्याचा मोह होतो; पण त्यामुळे वस्तूत कायमचा बदल होतो, आणि पूर्वीच्या मालकाने दिलेले एखादे चुकीच्या स्पेलिंगचे, विनोदी नाव असेल तर तेच खरे मौल्यवान असते. वस्तू दुरुस्त करू नये. ज्या वस्तूवर मेंडिंग हे एन्चांटमेंट आहे ती हातात धरून अनुभवाचे हिरवे गोळे गोळा करू नयेत, नाहीतर तिची झीज, म्हणजे तिचा इतिहास, तुमच्या हातातच भरून निघेल. साठ्यासाठी एंडर चेस्ट वापरू नये. त्यातील सामान प्रत्येक खेळाडूचे खाजगी असते आणि तो सर्व्हर सोडून गेला की ते इतरांना दिसतही नाही. शल्कर बॉक्स या कामासाठी फार चांगला: सत्तावीस कप्पे, उचलला तरी आतले सामान आतच राहते, आणि बॉक्सला नाव देण्यास कोणाचीच हरकत नसते.

इमारत

इमारतीचा आराखडा नोंदवहीत निदान तीस-चाळीस वस्तू आल्यावर करावा, म्हणजे दालने वस्तूंना मापून बनतात. जागा स्पॉनपासून, म्हणजे नवे खेळाडू जिथे अवतरतात तिथून, चालत एक-दोन मिनिटांवर असावी. अगदी स्पॉनवर बांधले तर लोक आत न शिरता आवारातून धावत पुढे जातात. एखादी जुनी वास्तू उभी असेल तर तीच दुरुस्त करून वापरावी, नवीन बांधू नये. ज्या वास्तूमुळे इतिहास घडला ती तिच्याच जागी राहू द्यावी आणि संग्रहालयातून तिच्याकडे जाणारा रस्ता करावा. उचलून आणलेले घर हे घराचे चित्र होते.

मापांकडे थोडे लक्ष द्यावे. खेळाडूचे डोळे जमिनीपासून १.६२ ब्लॉक उंचीवर असतात, म्हणजे दुसऱ्या ब्लॉकच्या साधारण मध्यावर. फ्रेम तिथेच लावावी आणि पाटी तिच्याखालच्या ब्लॉकवर. मार्गिका चार-पाच ब्लॉक रुंद असावी, म्हणजे एक जण वाचत उभा असताना दुसरा मागून जाऊ शकतो. छत लाकडी असेल तर गच्चीवर तांब्याचा लाइटनिंग रॉड (वीज ओढून घेणारी सळई) लावावा. दिवे सर्वत्र पोहोचतील असे पाहावे: १.१८ आवृत्तीपासून वरच्या जगात शत्रू प्राणी फक्त दिव्याचा प्रकाश शून्य असलेल्या जागी जन्मतात, त्यामुळे अंधारे वातावरण हवे असले तरी कोपऱ्यातील गालिच्याखाली एखादा मंद दिवा दडवून भागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका बाजूची भिंत पुढे वाढवता येईल अशी मोकळी ठेवावी. सममितीच्या हौसेपायी चारी बाजू बंद केलेले संग्रहालय दुसऱ्याच वर्षी भरून जाते.

मांडणी

आयटम फ्रेम ही मुख्य साधनसामग्री. आठ काठ्या आणि एक चामडे एवढ्यात ती बनते. अंधुक दालनासाठी ग्लो स्क्विडच्या शाईची चमकती फ्रेम घ्यावी. तिच्यातील वस्तू काळोखातही स्पष्ट दिसते. चिलखतांसाठी आर्मर स्टँड आहेतच. जावा आवृत्तीत त्यांना हात नसतात, ते कमांडने दाखवावे लागतात. फ्रेम आणि स्टँड हे दोन्ही ब्लॉक नसून एंटिटी (गेम ब्लॉकपासून वेगळ्या हाताळतो अशा वस्तू) असतात, त्यामुळे एकाच दालनात त्यांची गर्दी झाली की साध्या संगणकांवर गेम अडखळू लागतो. सर्वांत जुना संगणक असलेल्या मित्राला आत फिरवून पाहावे आणि तो कुरकुरला तर दालन दोन भागांत तोडावे.

जुन्या वस्त्यांसाठी नकाशा हे फार परिणामकारक साधन आहे. सर्वांत जवळचा नकाशा १२८ गुणिले १२८ ब्लॉकचा प्रदेश दाखवतो. कार्टोग्राफी टेबलावर त्याला काचेचे तावदान जोडले की तो कुलूपबंद होतो आणि त्यानंतर प्रत्यक्ष गाव कितीही बदलले तरी नकाशा त्या दिवशीचाच राहतो. दर वर्षी ठरावीक दिवशी त्याच गावाचा एक नकाशा कुलूपबंद करून ओळीने लावत गेल्यास गाव कसे वाढले हे वेगळे सांगावे लागत नाही. हे काम संग्रहालय उघडण्याआधीच सुरू करावे, कारण गेलेल्या वर्षाचा नकाशा नंतर काढता येत नाही.

ड्रॅगनचे अंडे हा स्वतंत्र विषय आहे. प्रत्येक जगात ते एकच मिळते, पहिला एंडर ड्रॅगन मारल्यावर, म्हणून प्रत्येक संग्रहालयाला ते हवे असते. ते चबुतऱ्यावर नुसते ठेवले तर पहिल्याच पाहुण्याने कुतूहलाने क्लिक करताच ते अदृश्य होऊन जवळपास कुठेतरी जाऊन बसते. त्याच्या चारी बाजूंनी आणि वरून काच लावावी, किंवा ते सरळ फ्रेममध्ये ठेवावे.

पाट्या आणि पुस्तके

गेममधील पाटीवर चारच ओळी मावतात, आणि ही मर्यादा उपकारक आहे. पहिल्या ओळीत नोंदक्रमांक, दुसऱ्या ओळीत वस्तू, उरलेल्या दोन ओळींत कोणी आणि केव्हा. विशेषणे टाळावीत, ‘महान’, ‘ऐतिहासिक’ हे शब्द चार ओळींत परवडत नाहीत. १.२० आवृत्तीपासून लावलेली पाटी कोणालाही पुन्हा लिहिता येते, म्हणून मजकूर तपासून झाल्यावर तिच्यावर मधाच्या पोळ्याचे मेण लावावे. मग ती बदलत नाही. मराठीत पाट्या लिहायच्या असतील तर आधी एकच पाटी लिहून जोडाक्षरे आणि वेलांट्या वाचता येतात का हे दोन वेगवेगळ्या संगणकांवर पाहावे. वाचता येत नसेल तर पाटीवर फक्त क्रमांक ठेवून मराठी मजकूर बाहेरच्या नोंदवहीत द्यावा.

मोठी हकिगत पुस्तकात लिहून लेक्टर्नवर (पुस्तक ठेवण्याच्या मेजावर) ठेवावी. सही केलेल्या पुस्तकावर लेखकाचे नाव कायम राहते, आणि गेम स्वतःच त्याच्या पिढ्या सांभाळतो: मूळ पुस्तक, मुळाची प्रत, प्रतीची प्रत. प्रतीच्या प्रतीवरून पुढे प्रत निघत नाही. नोंदवहीतील सगळ्या कष्टांनंतर ही एकच वस्तू अशी आहे की जिचा अस्सलपणा तिच्या अंगावरच लिहिलेला असतो. मूळ पुस्तक साठ्यात ठेवावे, लेक्टर्नवर मुळाची प्रत ठेवावी आणि पाहुण्यांना वाटायच्या त्या प्रतींच्या प्रती असाव्यात.

संरक्षण

फ्रेमवर एकदा डावे क्लिक केले की वस्तू खाली पडते, उजवे क्लिक केले की ती फिरते; आर्मर स्टँडवरचे चिलखत रिकाम्या हाताने काढून घेता येते; लेक्टर्नवरील पुस्तक एका बटणाने उचलता येते. पाहुण्याच्या मनात काही वाईट नसते. त्याला फक्त वस्तू नीट पाहायची असते. म्हणून संरक्षण चोरांसाठी आहे असे समजू नये.

सर्व्हरवर ग्रीफप्रिव्हेन्शन हे जागा राखणारे प्लगइन (सर्व्हरला जोडायचा जादा प्रोग्राम) असेल तर सोन्याच्या फावड्याने दोन समोरासमोरचे कोपरे क्लिक करून क्लेम, म्हणजे आपली राखीव जागा, आखता येतो. वर्ल्डगार्ड हे तशाच कामाचे प्लगइन असेल तर ॲडमिनकडून क्षेत्र आखून घ्यावे आणि फ्रेममधील वस्तू फिरवण्याची परवानगी बंद आहे ना, हे स्वतंत्रपणे विचारावे. अत्यंत मोलाच्या वस्तूसाठी ॲडमिनकडून कमांडने ‘फिक्स्ड’ केलेली फ्रेम लावून घेता येते. ती फिरत नाही आणि वस्तूही सोडत नाही. कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन चालू असल्यास कोणी कोणता ब्लॉक फोडला हे नंतर पाहता येते आणि परत आणता येते. हे सर्व झाल्यावर कोणताही अधिकार नसलेल्या एका नव्या खात्याने आत जाऊन प्रत्येक फ्रेम, स्टँड, लेक्टर्न आणि दार यांवर दोन्ही क्लिक करून पाहावेत. पुस्तक उचलता येऊ नये, पण वाचता यावे. कित्येकदा संरक्षण इतके कडक होते की वाचनच बंद पडते.

आम्ही ही चाचणी केली होती आणि ती उत्तीर्णही झाली होती. तरी तिसऱ्याच दिवशी एक फ्रेम रिकामी सापडली. तिच्यात पहिल्या वस्तीच्या रंगात रंगवलेली चामड्याची टोपी होती. आमच्यातल्याच एकाला ती थोडी वाकडी वाटली, ती सरळ करायला म्हणून त्याने उजव्याऐवजी डावे क्लिक केले आणि त्याच क्षणी घरातून जेवायला हाक आली. खाली पडलेली वस्तू पाच मिनिटांनी नाहीशी होते. जेवण त्यापेक्षा जास्त वेळ चालले. त्याला बांधकामाचा पूर्ण अधिकार होता, म्हणून कोणतेही संरक्षण आड आले नाही. आता त्या फ्रेममध्ये तशीच नवी टोपी आहे, पाटीवर ‘प्रतिकृती’ असे लिहिले आहे आणि नोंदवहीत मूळ क्रमांकापुढे ‘नष्ट’ अशी नोंद आहे. बदलण्याचा अधिकार दोघांनाच ठेवावा आणि त्या दोघांनीही एरवी अधिकार नसलेल्या खात्यानेच आत फिरावे, हा नियम त्यानंतर झाला.

माणसे आणि उद्घाटन

तीन माणसे पुरतात: एक नोंदवही सांभाळणारा, एक मांडणी करणारा, एक प्रती काढणारा. प्रत्येकाच्या जागी दुसरा कोण, हे आधीच ठरवावे, कारण परीक्षा, नोकरी किंवा नुसता कंटाळा यामुळे वर्षभरात एक जण हमखास गळतो. उद्घाटन शनिवारी रात्री ठेवावे, कारण त्या वेळी सर्वाधिक लोक सापडतात. पुण्यात आणि न्यू जर्सीत खेळाडू असतील तर सकाळ-संध्याकाळचे गणित करून वेळ दोन्हीकडच्या घड्याळांत सांगावी. एका वेळी सर्वांना आत सोडू नये. फीत कापण्यासाठी कातरी चालते.

प्रत काढणे

इथे मात्र घाई करू नये. निर्बंध असलेल्या पत्रकारितेचे लेख वाचण्यासाठी २०२० च्या मार्चमध्ये रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या पत्रकारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने ‘अनसेन्सर्ड लायब्ररी’ हे प्रचंड ग्रंथालय माइनक्राफ्टमध्ये उघडले, तेव्हा ते सर्व्हरवर ठेवलेच, शिवाय संपूर्ण जग कोणालाही उतरवून घेता येईल अशी सोय केली. सर्व्हर बंद पडला किंवा पाडला गेला तरी प्रती लोकांकडे राहाव्यात हा त्यामागचा विचार होता. लहान संग्रहालयानेही हेच करावे.

गेम जगाची साठवण ५१२ गुणिले ५१२ ब्लॉकच्या चौकोनांत करतो आणि प्रत्येक चौकोनाची एक फाइल असते. आपले संग्रहालय कोणत्या फाइलीत आहे हे काढण्यासाठी पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण निर्देशांकांना ५१२ ने भागून खालचा पूर्णांक घ्यावा. संग्रहालय १३०० आणि उणे २०० वर असेल तर उत्तर २ आणि उणे १ येते, आणि हेच दोन आकडे फाइलीच्या नावात असतात. संग्रहालय दोन चौकोनांच्या सीमेवर असेल तर दोन्ही फाइली घ्याव्या लागतात. जागा निवडतानाच हे पाहिले तर पुढचा त्रास वाचतो.

परंतु ‘रीजन’ फोल्डरातील ही फाइल एकटी पुरेशी नाही. १.१७ आवृत्तीपासून एंटिटी वेगळ्या ‘एंटिटीज’ फोल्डरात त्याच नावाच्या फाइलीत साठवल्या जातात. ती घ्यायला विसरलात तर प्रतीमध्ये भिंती, काचा, पाट्या सर्व जागच्या जागी दिसतील आणि एकही फ्रेम, एकही चिलखत नसेल. कुलूपबंद नकाशांचे चित्र याहून तिसऱ्या जागी, ‘डेटा’ फोल्डरात असते. वर्ल्डएडिट या साधनाने स्केमॅटिक (बांधकामाच्या भागाची साठवलेली प्रत) काढत असाल तर कॉपी करताना आणि पेस्ट करतानाही एंटिटी सोबत घेण्याचा पर्याय द्यावा लागतो. तो आपणहून लागू होत नाही. नवीन आवृत्तीत जग नेण्याच्या आदल्या दिवशी एक प्रत न चुकता काढावी, कारण पुढे गेलेले जग जुन्या आवृत्तीत सुखरूप परत आणता येत नाही. प्रतीच्या फोल्डरात गेमची आवृत्ती, जगाचा सीड (ज्या आकड्यातून ते जग घडते तो) आणि नोंदवहीची त्या दिवशीची प्रत ठेवावी. एक प्रत सर्व्हरबाहेरच्या संगणकावर आणि एक वेगळ्या शहरातील माणसाकडे असावी.

काढलेली प्रत उघडून पाहिल्याशिवाय ती आहे असे धरू नये. दर सहा महिन्यांनी ज्याने ती काढली नाही अशा माणसाने ती आपल्या संगणकावर एकट्याने खेळायचे जग म्हणून उघडावी, पहिल्या दालनात जावे आणि सर्व्हरवर जे कधीही करायचे नाही ते इथे बिनधास्त करावे: फ्रेमवर डावे क्लिक करून पिकॅक्स खाली पाडावी, उचलावी, एफ३ आणि एच दाबावे आणि उरलेले वार वाचावेत. आकडा अकरा यायला हवा.